पिशवी काढायची, पण कुठल्या वाटेनं?

फाइल टेबलावर ठेवता ठेवताच बायका सांगून टाकतात, "मॅडम, पिशवी काढायचीच आहे, फक्त दुर्बिणीनं करा." जावेचं दुर्बिणीनं झालं आणि तिसऱ्या दिवशी ती घरात हिंडत होती, तेव्हा आपलंही तसंच व्हावं, एवढा साधा हिशेब असतो. नवरा मागे उभा राहून पॅकेज किती ते विचारतो. या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो आणि तो विचारणारी बाई क्वचितच भेटते: "खालून होणार नाही का?"

गर्भाशय, म्हणजे पिशवी, काढण्याच्या मुख्य वाटा तीन. पोटावर मोठा छेद घेऊन, पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं, किंवा योनीमार्गातून. या शेवटच्या प्रकाराला बोलताना 'खालून' किंवा 'बिनटाक्याचं' ऑपरेशन म्हणतात. रोबो ही चौथी वाट नाही, दुर्बिणीचाच महागडा प्रकार आहे. गर्भाशय, गर्भाशयमुख किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर नियम निराळे असतात, त्यामुळे हा लेख फक्त कॅन्सर नसलेल्या आजारांसाठी आहे: फायब्रॉइडच्या गाठी, ॲडिनोमायोसिस (पिशवीचं अस्तर तिच्याच भिंतीत वाढणं), औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, एन्डोमेट्रिओसिस (तसंच अस्तर पिशवीबाहेर वाढणं), अंग बाहेर येणं.

माझं मत आधीच सांगते. कॅन्सर नसेल तर पहिला विचार खालच्या वाटेचा व्हावा. ती बंद असेल तर दुर्बीण, आणि तीही सोयीची नसेल तर पोट उघडावं. हा क्रम माझ्या मनचा नाही. कॉक्रेन संस्थेच्या 2015च्या आढाव्यात 47 चाचण्या आणि 5102 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली होती. पोट उघडण्यापेक्षा खालून केलेल्या ऑपरेशननंतर बायका लवकर कामाला लागतात आणि दुर्बिणीचा खालच्या वाटेपेक्षा वेगळा असा काही फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2017 साली योनीमार्गालाच पहिली पसंती दिली. असं असूनही आपल्याकडे फलकावर झळकते ती दुर्बीण. खालच्या ऑपरेशनला ना मोठं यंत्र लागत, ना त्याचा व्हिडिओ दाखवता येत, ना जाहिरात करता येत. लागतात ते तयार हात, आणि ते तयार व्हायला वर्षं जातात.

काढायची का, हे आधी

वाट निवडण्याआधी ऑपरेशन खरंच हवं का, हे पक्कं झालं पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 साली वर्तमानपत्रांतून आलं ते तुम्ही वाचलं असेल. तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशीतल्या होत्या. पाळीचे दिवस म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, हे त्यामागचं अर्थकारण. त्यात कोणीतरी "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" अशी भर घातली की बाई आपण होऊन टेबलावर चढते.

हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं तर तिथेच थांबा. 'पिशवीला सूज', 'पिशवीच्या तोंडाला जखम', 'अंगावरून पांढरं जाणं', नुसती कंबरदुखी, यांतलं एकही पिशवी काढण्याचं कारण नाही. पांढऱ्या पाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या पुरतात. तोंडाच्या लालसर जखमेसाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची आणि तिचा रिपोर्ट हातात घेऊन बोलायचं. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसली, त्रास काहीच नाही, तर ती तिथे राहिली तरी चालते. पाळी गेल्यावर अशा गाठी आपोआप आकसतात.

जास्त रक्तस्रावासाठी ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि हार्मोन सोडणारी तांबी आहे. ही साध्या तांबीसारखी पिशवीत बसवतात आणि ती वर्षानुवर्षं काम करते. पहिले तीन-चार महिने थेंब थेंब अंगावर जातं म्हणून पुष्कळ जणी कंटाळून ती काढून टाकतात. तेवढा काळ नेटानं काढला तर बहुतेकींचा स्राव कमालीचा घटतो. मूल हवं असेल तर गाठी तेवढ्या काढता येतात. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रियाही मोठ्या शहरांत होते. अंग बाहेर येत असेल आणि ऑपरेशन नको असेल, तर पेसरी नावाची रबरी किंवा सिलिकॉनची कडी आत बसवतात. तरुण बाईचं अंग बाहेर येत असेल तर पिशवी न काढता वर टांगून धरण्याची ऑपरेशनं आहेत आणि त्यांतली काही आपल्याच मातीतली आहेत. गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगभर नाव झालेले गोव्याचे डॉ. शिरोडकर आणि मुंबईचे पुरंदरे यांची नावं त्यांना आहेत.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2022 साली अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. या सूचनांत राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. चाळिशीच्या आत कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तारीख घेऊ नका. पहिल्या डॉक्टरांना राग येईल म्हणून बायका हे टाळतात. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

चिठ्ठीवरची अक्षरं

ऑपरेशन ठरलं की फाइलवर इंग्रजीत काही अक्षरं उमटतात. ती आपल्याला वाचता आली पाहिजेत. टी.ए.एच. म्हणजे पोट उघडून गर्भाशय त्याच्या मुखासकट काढणं. व्ही.एच. म्हणजे योनीमार्गातून काढणं; अंग बाहेर आलेलं नसतानाही खालून काढायची असेल तर एन.डी.व्ही.एच. असं लिहितात. टी.एल.एच. म्हणजे सगळं काम दुर्बिणीनं. एल.ए.व्ही.एच.मध्ये वरचं काम दुर्बिणीनं आणि खालचं योनीमार्गातून. आणि सर्वांत लक्ष ठेवण्याजोगी अक्षरं म्हणजे बी.एस.ओ. त्याचा अर्थ दोन्ही अंडाशय आणि दोन्ही नळ्याही काढणार. ही तीन अक्षरं दिसली तर का, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

कुठल्याही वाटेनं गेलं तरी आत करायचं काम तेच असतं. निरोगी गर्भाशय मुठीएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांब आणि साठ-ऐंशी ग्रॅम वजनाचं असतं. ते दोन्ही बाजूंनी बंधांनी धरलेलं असतं. पुढे मूत्राशय चिकटलेलं आणि मागे गुदाशय. हे बंध आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या बांधून कापायच्या, मूत्राशय पुढे सारायचं आणि मोकळी झालेली पिशवी बाहेर काढून योनीचा वरचा भाग शिवायचा. खरी काळजी असते ती मूत्रवाहिनीची. किडनीकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी ही नळी गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. पुलाखालून पाणी वाहतं, असं वैद्यकीय विद्यार्थ्यांना यासाठीच पाठ करायला लावतात. पूल बांधून कापताना पाण्याला धक्का लागता कामा नये.

खालची वाट

खालून ऑपरेशन करताना कमरेतून भूल देतात आणि पाय वर टेकवून ठेवतात. गर्भाशयमुख चिमट्यानं धरून हलकेच खाली ओढतात, त्याच्याभोवती गोल छेद घेतात, बोटानं आणि कात्रीनं मूत्राशय वर सारतात. मग मागचा बंध, त्यानंतर रक्तवाहिनी, मग वरचा बंध असं खालून वर बांधत जातात. पिशवी मोठी असली तर रक्तवाहिन्या बांधून झाल्यावर तिचे आतल्या आत दोन भाग करतात किंवा गाठी एकेक करून काढत तिचा आकार कमी करतात. पोटावर एकही टाका येत नाही. आतले टाके विरघळतात. बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात.

या वाटेबद्दल तीन समज इतके पक्के रुजलेत की ते डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतात. पहिला म्हणजे अंग बाहेर आलेलं असेल तरच खालून होतं. तसं नाही. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि ओपीडीत घट्ट वाटलेली पिशवी बरीच खाली येते. म्हणून खरा निर्णय भूल दिल्यानंतरच्या तपासणीतच होतो आणि तसं आधी सांगणारे डॉक्टर प्रामाणिक समजावेत. दुसरा समज, सिझेरियन झालेलं असेल तर खालून होत नाही. सिझेरियनच्या जागी मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, हे खरं. पण मधोमध खरवडत न बसता बाजूच्या मोकळ्या जागेतून मूत्राशय सोडवता येतं. ही पद्धत मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी जगाला दाखवली. जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाचे अध्यक्ष राहिलेल्या शेठ यांनी आयुष्यभर याच वाटेचा पुरस्कार केला. तिसरा समज, पिशवी मोठी असेल तर पोटच उघडावं लागतं. डॉक्टर पिशवीचा आकार गरोदरपणाच्या आठवड्यांत मोजतात. बारा आठवड्यांएवढी, म्हणजे साधारण पावणेतीनशे ग्रॅमपर्यंतची पिशवी तयार हातांना खालून काढता येते. त्याहून मोठीही काहीजण काढतात.

ही वाट बंद कधी असते, तेही सांगायला हवं. योनी फार अरुंद असेल, एन्डोमेट्रिओसिसमुळे मागचा भाग आतड्याला घट्ट चिकटला असेल, अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल, पिशवी बेंबीपर्यंत पोहोचलेली असेल किंवा पूर्वीच्या ऑपरेशनांमुळे ती पोटाच्या भिंतीला चिकटून वर ओढली गेली असेल, तर खालून जाण्याचा हट्ट धरू नये. एकही बाळंतपण नसेल तर अवघड जातं, पण अशक्य नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: "माझं खालून का होणार नाही?" याचं उत्तर तुमच्या शरीराबद्दल असेल तर पटवून घ्या. "मी ते करत नाही" असं उत्तर आलं, तर तेही चांगलंच आहे, कारण ते खरं आहे. ज्याला जी वाट येत नाही त्याच्याकडून तीच वाट करून घेण्यात शहाणपण नाही. अशा वेळी दोन पर्याय असतात: खालून करणाऱ्या डॉक्टरकडे जा, किंवा या डॉक्टरांची हातखंडा वाट पत्करा. दोन्ही योग्यच.

दुर्बीण, रोबो आणि पोट

दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट आहे असा अर्थ कुणी काढू नये. एन्डोमेट्रिओसिसमध्ये चिकटलेली आतडी सोडवायची असतील, अंडाशयावर गाठ असेल, पूर्वीच्या ऑपरेशनांमुळे आत काय वाढून ठेवलंय याची शंका असेल, तर दुर्बिणीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानंच दिसत नाही. पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात, कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, टेबल डोक्याच्या बाजूला खाली झुकवतात आणि पडद्यावर बघत काम करतात. पूर्ण भूल लागते. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर घाबरू नका, तो उरलेल्या वायूमुळे दुखतो आणि दोन-तीन दिवसांत थांबतो. अमेरिकेतल्या हॅरी राइक यांनी 1988 साली असं पहिलं ऑपरेशन केलं, म्हणजे ही वाट तशी तरुणच.

पोट उघडण्याच्या तुलनेत दुर्बिणीत रक्त कमी जातं, जखम चिघळण्याचं प्रमाण कमी असतं आणि घरी लवकर जाता येतं. पण वेळ जास्त लागतो. आणि मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याचं प्रमाण पोट उघडण्यापेक्षा जास्त असल्याचं त्याच कॉक्रेन आढाव्यात नोंदलेलं आहे. इजा एकंदरीत क्वचित होते, पण ती टाळणं करणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असतं. म्हणून "तुम्ही महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? मध्येच पोट उघडायची वेळ किती वेळा येते?" हे विचारायला संकोच करू नका. मध्येच पोट उघडणं म्हणजे अपयश नाही. रक्तस्राव वाढल्यावरही दुर्बिणीलाच चिकटून बसणं हे जास्त धोक्याचं.

मोठी पिशवी दुर्बिणीनं सोडवल्यावर बाहेर कशी काढतात, हेही विचारा. पूर्वी मॉर्सिलेटर नावाच्या फिरत्या पात्याच्या यंत्रानं पोटातच तुकडे करत. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ क्वचित छुपा कॅन्सर निघते आणि मग ते तुकडे पोटभर पसरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2014 साली यावर इशारा दिला तेव्हा फायब्रॉइडचं ऑपरेशन होणाऱ्या साधारण 350 स्त्रियांत एकीला असा छुपा कॅन्सर असू शकतो, असा अंदाज मांडला होता. आता तुकडे करायचेच असतील तर ते खास थैलीत घालून करावेत असा दंडक आहे. शक्य असेल तर योनीवाटे काढणं उत्तम. पाळी गेल्यावर वाढू लागलेल्या गाठीचे तुकडे कुणालाही करू देऊ नका.

रोबोबद्दल थोडक्यात. यंत्राचे हात सर्जन दुरून चालवतो, दिसतं छान, सर्जनची पाठ वाचते. कॅन्सर नसलेल्या आजारात साध्या दुर्बिणीपेक्षा रुग्णाला जास्त फायदा झाल्याचा पुरावा नाही, बिल मात्र नक्की जास्त होतं. विम्याच्या जोरावर घेणार असाल तर पॉलिसी वाचा. विमा नियामकानं 2019 साली रोबो ऑपरेशन आणि गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया यांचा विम्यातून सरसकट नकार देता येणार नाही अशा उपचारांत समावेश केला. पण त्यावर रकमेची मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना आहे. शिवाय बहुतेक पॉलिसींत पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांची प्रतीक्षा असते. सरकारी योजनेतून करायचं असेल तर मंजुरी आधी लागते, म्हणून कागद गोळा करायला आधीच सुरुवात करा.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची हल्ली लाज वाटायला लागलीय, जणू डॉक्टरला दुसरं काही येत नाही. पिशवी सहा-सात महिन्यांच्या गरोदरपणाएवढी झाली असेल, आतडी चिकटलेली असतील, कॅन्सरची शंका असेल किंवा हृदय-फुप्फुसांच्या आजारामुळे पोटात वायू भरून डोकं खाली झुकवणं झेपणार नसेल, तर पोटाची वाटच सुरक्षित. बहुधा ओटीपोटावर आडवा छेद घेतात. फार मोठ्या पिशवीसाठी उभा. तीन ते पाच दिवस हॉस्पिटल आणि पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे धरून चाला.

अंडाशयांचं काय?

वाटेपेक्षा कदाचित मोठा निर्णय हा आहे आणि तो बहुतेक वेळा बाईला न विचारताच होतो. "पिशवी काढतोच आहोत तर अंडाशयही काढून टाकू, पुढे कटकट नको." पाळी न गेलेल्या बाईचे निरोगी अंडाशय काढले की तिची रजोनिवृत्ती एका रात्रीत येते: अंगातून वाफा, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका. म्हणून घरात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा ठळक इतिहास नसेल आणि अंडाशय निरोगी असतील, तर पाळी जाईपर्यंत ते ठेवावेत. नळ्या मात्र काढलेल्या बऱ्या. अंडाशयाचे पुष्कळसे कॅन्सर नळीच्या टोकाशी सुरू होतात हे आता लक्षात आलंय आणि नळ्या काढल्यानं हार्मोनवर फरक पडत नाही. पाळी गेलेल्या बाईनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गर्भाशयमुख ठेवायचं का, हा दुसरा प्रश्न. ते ठेवल्यानं लैंगिक सुख टिकतं असं सांगितलं जातं, पण चाचण्यांमध्ये तसा फरक दिसलेला नाही. ठेवलं तर काही जणींना दर महिन्याला थोडा रक्तस्राव चालूच राहतो आणि पॅप स्मिअरही चुकत नाही. आतला भाग फार चिकटलेला असताना सुरक्षिततेसाठी ठेवावं लागलं तर गोष्ट वेगळी.

संमतीपत्रावर सही करण्याआधी या तिन्ही गोष्टी त्यावर मराठीत लिहून घ्या: कुठल्या वाटेनं, अंडाशयांचं काय, नळ्यांचं काय. सही तुमची हवी, नुसती नवऱ्याची नको. दुर्बिणीनं फक्त तपासणी करण्याची संमती दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून काढले गेले. त्या प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती तिचीच लागते आणि एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीचं असेल तेवढाच अपवाद.

आधी आणि नंतर

अंगावरून महिनोन्‌महिने जाणारी बाई ऑपरेशनला येते तेव्हा तिचं हिमोग्लोबिन सात-आठ असतं आणि घरच्यांना घाई असते. कॅन्सर नसलेल्या आजारात घाई कशाचीच नसते. स्राव औषधानं थांबवा, शिरेतून लोह द्या, तीन-चार आठवडे थांबा आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर नेऊन ऑपरेशन करा. रक्त चढवायची वेळ येत नाही आणि जखमही लवकर भरते. साखर, थायरॉइड, रक्तदाब आटोक्यात हवा. पॅप स्मिअर आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराची तपासणी आधीच झालेली असली पाहिजे; काढल्यावर कॅन्सर निघाला तर अपुरं ऑपरेशन झालेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते सांगा.

ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चाला. बाळंतिणीसारखं पडून राहण्याचा आग्रह सासूबाईंनी केला तरी ऐकू नका. पडून राहिल्यानं पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात गेल्या तर जिवावर बेततं. पोटपट्ट्यानं बरं वाटत असेल तर बांधा, सक्ती नाही. दोन-तीन आठवडे थोडं तपकिरी पाणी जातं, ते चालतं. खालून किंवा दुर्बिणीनं झालं असेल तर दोन ते चार आठवड्यांत हलकी कामं, स्कूटर, ऑफिस सुरू करता येतं. पण पाण्याची घागर, गॅसचं सिलिंडर, नातवाला कडेवर घेणं आणि शरीरसंबंध हे सहा आठवडे बंद, वाट कुठलीही असो. बाहेर टाका दिसत नाही म्हणून बिनटाक्याच्या ऑपरेशनवाल्या बायका दहाव्या दिवशीच शेतात जातात. आत टाके आहेत आणि ते सुटू शकतात, हे त्यांच्या घरच्यांना सांगायला लागतं.

ताप, दुर्गंधी असलेला स्राव, पॅड भिजवणारं रक्त, एका पोटरीला सूज, धाप, कुशीत न थांबणारी कळ किंवा पोट फुगून उलट्या, यांतलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, थेट जा. आठ-पंधरा दिवसांनी योनीतून पाण्यासारखं सतत गळायला लागलं तर ती लघवी असू शकते. लाजेपोटी बायका हे महिनाभर लपवतात. लवकर कळलं तर त्यावर उपाय होतो.

"पोटात पोकळी होते का?" असं हमखास विचारतात. होत नाही, आतडी ती जागा भरून काढतात. शरीरसंबंधात अडचण येते का, हे विचारायला बायका नवऱ्याला बाहेर पाठवतात. जखम भरल्यावर येत नाही. रक्तस्रावाची आणि दुखण्याची धास्ती गेल्यामुळे उलट पुष्कळ जणी सुखावतात. वजन पिशवी काढल्यानं वाढत नाही, ऑपरेशनच्या निमित्तानं सुरू झालेल्या डिंकाच्या लाडवांनी वाढतं.

एक गोष्ट थिएटरच्या दारातच सांभाळा. नर्स ट्रेमध्ये काढलेली पिशवी आणून नातेवाइकांना दाखवते, तेव्हा "हे पॅथॉलॉजीला जाणार ना?" एवढं विचारा. गेलंच पाहिजे. आठवड्याभरानं तो रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट्स मागून घ्या, कारण डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा निव्वळ 'हिस्टरेक्टॉमी' एवढंच असतं. पुढे पंधरा वर्षांनी पोटात गाठ आली किंवा अंगावर पुन्हा लाल दिसलं, तर तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच हवं असेल की अंडाशय आत आहेत की नाहीत, मुख काढलंय की ठेवलंय आणि तेव्हाच्या रिपोर्टात काय आलं होतं. या कागदांचा मोबाइलवर फोटो काढून मुलीच्याही मोबाइलवर पाठवून ठेवा.